आईचा वॉकर आणि पितृपक्षातलं लग्न

तीस वर्षं मी आवक-जावक टेबलावर काढली. शहापुरात माझ्या ऑफिसात आलेल्या प्रत्येक कागदाला मी माझ्या हाताने नंबर दिला आहे आणि गेलेल्या प्रत्येक कागदाची नोंद केली आहे. त्यामुळे आईचा खुबा मोडला, त्यात सळई बसली आणि दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले, "रोज व्यायाम करा, एक वॉकर घ्या, आजी चालतील," तेव्हा मला काळजीच वाटली नाही. व्यायाम आई करेल. वॉकर म्हणजे एक अर्ज, आणि अर्ज म्हणजे आपलंच खातं. माणसाने असलं काही मनातसुद्धा म्हणू नये.

आई पडली ती गोपाळकाल्याच्या सकाळी, अंगणात काकडीच्या मांडवाखाली. शेवाळावरून पाय गेला. वय अठ्ठ्याहत्तर. पडल्या पडल्या तिने आधी काकडी शाबूत आहे का ते पाहिलं, आणि मग मला हाक मारली, "पांडू, मिताली कवा हाय रे?"

मिताली म्हणजे माझी भाची, मुरबाडकडे दिलेल्या भागीची, माझ्या बहिणीची मुलगी. तिचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलेलं होतं. आणि आई धवलारीण आहे. आमच्याकडे लग्न धवलारणीशिवाय लागत नाही. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीचा धवळा तीच म्हणते, देवांना आणि नातलगांना नावं घेऊन मांडवात बोलावते. शहापूर-मुरबाडात आईने किती लग्नं लावली असतील याची नोंद कुठेच नाही, कारण तो कागद माझ्या टेबलावरून गेला नाही. फक्त आईचा एक नियम आहे. धवळा बसून म्हणायचा नाही.

"बसून काय म्हनतात रे? देव काय बसून येतात?" हे तिचं कायमचं उत्तर.

म्हणजे प्रश्न एवढाच होता. नातीच्या मांडवात आई उभी राहणार की नाही. ती उभी राहिली नाही तर भागी दुसरी धवलारीण आणेल, लग्न लागेल, जेवणं होतील. पण आई मग मनानेच खाली बसेल आणि पुन्हा उठणार नाही, ही भीती मला होती. कमळला, म्हणजे माझ्या बायकोला, होती. आईला नसावी, कारण ती सारखी काकडीची चौकशी करत होती.

मी अर्ज केला. तालुक्याला सहाय्य साधन कक्ष नावाचं एक ऑफिस आहे, तिथे वॉकर, काठ्या, कुबड्या मिळतात. तिथल्या बाबूने अर्ज उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "अपंगत्वाचा दाखला?" मी दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, "आजी सुधारतायत. सुधारणाऱ्या माणसाला दाखला कसा देऊ? सहा महिन्यांनी चालता आलं नाही तर या." मी परत कक्षात गेलो. बाबू म्हणाला, "मग सहा महिन्यांनी या." मी म्हटलं, वॉकर मिळाला नाही तर सहा महिन्यांनी चालता येणार नाहीच. बाबू म्हणाला, "मग दाखला मिळेल की." यात त्याची काही चूक नव्हती. मी त्या जागी असतो तर मीही हेच बोललो असतो, आणि वर 'उद्या या' असंही म्हटलं असतं. तीस वर्षं मी ते म्हणत आलो होतो. टेबलाच्या या बाजूने ते वाक्य किती लांब वाटतं, हे मला प्रथमच कळलं.

"अहो, मेडिकलमध्ये वॉकर टांगलेला आहे," कमळ म्हणाली. "घेऊन या आणि मोकळे व्हा."

"हक्काचा असताना विकत कशाला?" मी म्हटलं.

"तुमचा हक्क काय आईंच्या पायात घालायचा आहे?"

या प्रश्नाची आवक मी मनातल्या मनात नोंदवली. काही पत्रव्यवहार निरुत्तर ठेवायचे असतात.

शेजारच्या रघूभाऊने तेवढ्यात विषय हातात घेतला. रघूभाऊ आमच्या बांधाला बांध लागून राहतो आणि प्रत्येक आजारावर त्याच्याकडे बांबू असतो. "भाऊसाहेब, चार काठ्या नि दोन आडव्या. त्याला काय सरकार लागतंय काय?" म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत बांबूचा वॉकर तयार. दणकट होता, यात वाद नाही. आईने तो धरला, दोन पावलं टाकली आणि दारात अडकली. वॉकर उंबऱ्याच्या आतही येईना आणि बाहेरही जाईना. आई दारात, कमळ आत, मी बाहेर, आणि रघूभाऊ दाराचं माप चुकलंय असं सांगत होता. शेवटी वॉकरचा एक पाय करवतीने कापून आईला सोडवलं. उरलेला वॉकर काकडीच्या वेलाला लावला. वेलाला तो फार मानवला.

मग मी माझं शस्त्र काढलं. फाइल.

त्याचं असं झालं की आईकडे तीन ठिकाणची माणसं येत होती आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. गावची आशाताई दिपाली दर दोन दिवसांनी येऊन रक्तदाब बघायची, गोळ्या मोजायची आणि आपल्या रजिस्टरमध्ये लिहायची. दवाखान्याच्या पथकातला हर्षित, व्यायाम शिकवणारा पोरगेलासा डॉक्टर, वाशिंदचा, दर गुरुवारी यायचा आणि आपल्या कार्डावर लिहायचा. कक्षाचा बाबू येत नव्हता, पण तोही कुठेतरी लिहीत असणारच. दिपाली आईला सांगे, जपून, उठू नका. हर्षित सांगे, घाबरू नका, उठा. आई दोघांनाही "बरं बाबा" म्हणे आणि मला विचारी, "यांचं आपसात भांडान हाय काय रे?"

मी ठरवलं, एकच फाइल. जाड पुठ्ठा, लाल नाडा, वर ठळक अक्षरात 'श्रीमती चिमाबाई, खुबा, एकत्रित'. डाव्या बाजूला टिपणी, उजव्या बाजूला पत्रव्यवहार, पानांना नंबर. दिपालीच्या नोंदी उतरवून घेतल्या. हर्षितचं कार्ड झेरॉक्स केलं. सगळ्यांना सगळं कळावं, हा हेतू. फाइल पाहून दिपाली म्हणाली, "काका, माझा नंबर आहे ना तुमच्याकडे? फोन केला असतात तरी चाललं असतं." पोरीला पद्धत माहीत नव्हती. मी फाइल कक्षात जमा केली आणि पोच घेतली.

इकडे व्यायाम सुरू झाले होते. हर्षितने पहिल्या दिवशी आईला सांगितलं, "आजी, पाय उचलून दहा मोजायचे, मग खाली."

"मला मोजाया नाय जमत," आई म्हणाली. "मी एक धवळा होईस्तोवर ठेवते."

हर्षितला धवळा किती मोठा असतो ते माहीत नव्हतं. पहिल्या धवळ्याला आईने सगळ्या देवांना बोलावलं, पाय हवेतच, आणि हर्षितचं तोंड पांढरं पडलं. मग दोघांत तडजोड झाली. एका वेळी एकच कडवं. घोटा फिरवायला मांडवाचा धवळा, गुडघा वाकवायला हळदीचा, आणि कंबर उचलायला नवरा मांडवात येतो तो. दिवसातून तीन वेळा. आईला इतका उत्साह आला की ती चौथ्यांदाही म्हणायला लागली. आवाज तिचा मूळचाच मोठा, लाउडस्पीकर नसलेल्या काळात घडलेला. रस्त्यापलीकडच्या गिरणीपर्यंत ऐकू जाई.

आता हे सगळं भर पितृपक्षात चाललं होतं, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नाही. कमळच्या आलं. ती म्हणाली, "आई, पितरांच्या दिवसांत लग्नाची गाणी?" आई म्हणाली, "देवाला ठाव हाय, मी लग्न नाय लावत, मी पाय लावते."

देवाला ठाऊक असेल. आमच्या गावाला, आटगावाला, नव्हतं.

आटगावाने काय ऐकलं? भाऊसाहेबांच्या घरात सकाळी मांडवाचा धवळा, दुपारी हळदीचा, संध्याकाळी नवरा मांडवात. रोज. भाऊसाहेबांचा मुलगा रितेश एकतीस वर्षांचा, कल्याणला नोकरीला, बिनलग्नाचा. दार बहुतेक वेळ लोटलेलं. आणि पितृपक्ष. पितृपक्षात जे लग्न थांबू शकत नाही ते का थांबू शकत नाही, याचा विचार करायला कोणाला फार वेळ लागला नसावा.

पहिल्यांदा रितेशला कळलं. स्टेशनवरून येताना रिक्षावाल्याने त्याच्याकडून भाडं घेतलं नाही आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "झालं ते झालं, आता सांभाळून घे." रितेश घरी येऊन माझ्याकडे संशयाने बघू लागला. मग मांडववाला आला, म्हणाला, "छोटासा असला तरी आपल्याकडूनच घ्या, बाहेरून नको." रघूभाऊने तीन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. चौथ्या दिवशी बांधावरून एवढंच म्हणाला, "भाऊसाहेब, आमी परके झालो काय? बांबूला चालतो नि लग्नाला नाय?" मी त्याला समजावलं की लग्न नाही, व्यायाम आहे. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला स्वतःलाच ते खोटं वाटायला लागलं. एवढ्या वर्षांची माझी इभ्रत, कुणाकडून चहासुद्धा न घेतलेली, एका गुडघ्याच्या धवळ्यात गेली.

आणि त्याच आठवड्यात फाइल परत आली. कक्षाने शेरा मारला होता. 'पान क्र. ११ वरील फिजिओच्या नोंदीनुसार रुग्ण आधाराने पंधरा पावले चालली. मग वॉकरची आवश्यकता काय? स्थळपाहणी करावी.' सगळ्यांना सगळं कळावं हा माझा हेतू होता, आणि तो सफल झाला होता. हर्षितने आनंदाने लिहिलेलं मीच स्वच्छ अक्षरात, पानाला नंबर देऊन, त्यांच्या हातात नेऊन ठेवलं होतं. स्थळपाहणीला कक्षाच्या संध्या मॅडम येणार, गुरुवारी, सकाळी अकरा वाजता.

मी आईच्या खाटेजवळ बसलो. इथे मला जे सांगायचं आहे ते सांगताना लाज वाटते, पण खरं आहे. मी म्हटलं, "आई, गुरुवारी एक मॅडम येतील. तू गोधडी घेऊन पडून राहा. उठू नको. चालता येत नाही असं सांग."

आई म्हणाली, "चालता येन्यासाठी नाय येत म्हनायचं?"

"हो."

"तुमच्या हापिसात असंच चालतं काय रे?"

मी म्हटलं, असंच चालतं. ती "बरं बाबा" म्हणाली. ते बरं बाबा दिपाली आणि हर्षितला जसं मिळायचं तसंच होतं, हे मला कळायला हवं होतं.

गुरुवारी साडेदहाला आई गोधडीत होती. पावणेअकराला अंगणात आवाज आला. राही, रघूभाऊची बायको, पुढे, आणि तिच्यामागे आळीतल्या पंधरा-वीस बायका. कोणाच्या हातात हळदीची वाटी, कोणाच्या तांदूळ, एकीकडे नारळ. त्या लग्नाला आल्या नव्हत्या. न बोलावल्याचा राग काढायला आल्या होत्या, पण मोकळ्या हाताने राग काढायला जायची आमच्याकडे पद्धत नाही.

"चिमाकाकू, कवापासून चाललंय हे?" राहीने दारातूनच विचारलं. "आमी काय मेलो व्हतो काय?"

"अगो, लग्न नाय," आई गोधडीतून म्हणाली. "पाय हाय."

"पायाला हळद लागते व्हय?"

आईला हसू फुटलं. आणि मग पंधरा-वीस बायका हळदीच्या वाटीसकट समोर उभ्या असताना माझी आई गोधडीत राहणार होती, असं ज्याला वाटलं तो माणूस मी. तिने गोधडी बाजूला सारली. "धर गो," म्हणून एक हात राहीच्या खांद्यावर, एक कमळच्या. उठली. पूर्ण उठली. तिच्या पाठीचा कणा असा ताठ झालेला मी गोपाळकाल्यापासून पाहिला नव्हता. आणि तिने हळदीचा धवळा सुरू केला. पहिली ओळ तिची, दुसऱ्यांदा ती सगळ्या बायकांची. अंगण भरून गेलं.

बरोबर अकरा वाजले होते. संध्या मॅडम वेळेच्या पक्क्या निघाल्या. फाटकात त्या, हातात माझी लाल नाड्याची फाइल. त्यांच्या मागोमाग गुरुवार म्हणून पथकाची गाडी आणि हर्षित. आणि बायका जमल्याचं ऐकून धावत आलेली दिपाली, तिला वाटलं होतं आजींचं काही बरंवाईट झालं.

मी पुढे झालो. "मॅडम," मी म्हटलं, "या रुग्ण चालू शकत नाहीत."

मॅडमनी आईकडे पाहिलं. आई तेव्हा धवळ्यात नवऱ्याच्या आईला हळद लावून घ्यायला सांगत होती, आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होती. जमीन दुभंगावी असं वाटणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. जमीन काही दुभंगली नाही.

हर्षित मात्र आनंदाने ओरडला, "आजी, भार दिला, दोन्ही पायांवर," आणि मॅडमना ओळख नसताना सांगू लागला की या खुब्याला आता फक्त एक वॉकर पाहिजे, दोन महिन्यांपुरता, मग काठी, मग काहीच नाही. दिपाली त्याला म्हणाली, "अहो सर, मला सांगायचं ना, मी त्यांना उठूच नका म्हणत होते." हर्षित म्हणाला, "मला काय माहीत तुम्ही येता ते." मॅडम म्हणाल्या, "दोन महिन्यांपुरता? मग तुम्ही कायमचा का मागताय? आमच्याकडे उसना देण्याचा वेगळा फॉर्म आहे. त्याला दाखला लागत नाही. फिजिओचं एक पत्र पुरतं."

सगळे माझ्याकडे बघू लागले.

"मला कोणी सांगितलं नाही," मी म्हटलं.

"तुम्ही कोणाला विचारलंत?" मॅडमनी विचारलं, आणि त्या हसल्या. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

कमळने चहा टाकला. ओट्यावर एका बाजूला मॅडम, मध्ये हर्षित, पलीकडे दिपाली, आणि सभोवती न झालेल्या लग्नाच्या सगळ्या वऱ्हाडणी. हर्षितने गुडघ्यावर कागद धरून पत्र लिहिलं, मॅडमनी त्यावर सही केली, दिपालीने तिघांचे नंबर घेऊन ग्रुप काढला. ग्रुपचं नाव 'चिमाआजी'. माझ्या एकत्रित फायलीला जे इतक्या दिवसांत जमलं नाही ते एका चहात झालं. फाइल मॅडमनी चहाच्या कपाखाली ठेवली होती, पाट म्हणून.

"तुमची गाणी छान आहेत, आजी," उठताना मॅडम म्हणाल्या.

"गानी नाय, धवळे. मितालीच्या लग्नाला ये," आई म्हणाली. "सगली या. नाय आलात तर मी पन राग काढाया येईन."

तिसऱ्या दिवशी वॉकर आला. अॅल्युमिनियमचा, हलका, दारातून जाणारा. रघूभाऊने तो उचलून पाहिला आणि म्हणाला, बांबूला तोड नाय. आई आधी खाटेपासून दारापर्यंत गेली, मग ओट्यापर्यंत, दिवाळीत काकडीच्या मांडवापर्यंत. ग्रुपवर रोज दिपालीचा मेसेज, त्यावर हर्षितचा अंगठा. एकदा मॅडमनीही विचारलं, आज किती? मी उत्तर लिहीपर्यंत राहीने व्हिडिओ टाकलेला होता. तिला ग्रुपात कोणी घेतलं याची चौकशी मी केली नाही.

मितालीच्या लग्नाला आम्ही दोन गाड्या करून मुरबाडकडे गेलो. रघूभाऊ पहिल्या गाडीत, पुढच्या सीटवर, कारण त्याला यावेळी पहिलं आमंत्रण दिलं होतं. आई वॉकर घेऊन मांडवाच्या कडेपर्यंत चालत गेली. तिथे तिने तो भागीच्या हातात दिला. कुणीतरी त्याला आंब्याचा डहाळा बांधला होता. तिने पदर खोचला आणि मांडवाच्या मधोमध उभी राहिली. मी एक खुर्ची उचलली आणि तिच्या मागे उभा राहिलो. म्हटलं, पाय लटपटला तर खाली सरकवता येईल.

तिने देवांना बोलावलं. कुळांना बोलावलं. मग नाव घेऊन माणसांना बोलवायची वेळ आली, आणि ती धवळ्यात नसलेली माणसं बोलावू लागली.

*मांडवाच्या दारी कोन कोन आयलं गो,*
*दिपाली आयली, गोल्यांची पुडी घेवून आयली.*
*मांडवाच्या दारी कोन कोन आयलं गो,*
*हर्षित आयला, पायाला ताल देवून गेला.*
*मांडवाच्या दारी कोन कोन आयलं गो,*
*संध्याबाय आयली, चार पायांचा घोडा घेवून आयली.*

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हर्षित लाजून मांडवाच्या खांबाकडे बघत राहिला. मी कान टवकारले. आता माझं नाव येणार. आलं.

*पांडून माझ्या फाइल केली गो, फायलीनं कोनी नाय आयलं,*
*लग्नाच्या रागानं सारा गाव आयला, गावानं मला उठविलं.*

आमच्याकडे धवळ्याची ओळ धवलारीण एकदा म्हणते आणि मग बायका तीच पुन्हा उचलतात. राहीने ती तीनदा उचलली. दोन तालुक्यांतल्या सोयऱ्यांसमोर माझं तीस वर्षांचं आवक-जावक असं गाऊन निकालात निघालं, आणि सांगतो तुम्हाला, मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही. मला रडू येत होतं आणि दोन्ही हातांत खुर्ची असल्यामुळे डोळे पुसता येत नव्हते.

आई शेवटच्या ओळीपर्यंत उभी होती. एकदाही मागे पाहिलं नाही, एकदाही डगमगली नाही. अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली, तेव्हा ती वळली आणि तिला मी दिसलो, खुर्ची उचलून उभा.

"केवढा घामाघूम झालास रे पांडू," ती म्हणाली. "ठेव ती खाली नि बस जरा."

मी खुर्ची खाली ठेवली आणि बसलो.